फोटो कोणाचा?

दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे कपाटाच्या माथ्यावरून ज्या वस्तू हमखास खाली येतात, त्यांत एक मोठे, खाकी, कडा झिजलेले पाकीट असते. आत क्ष-किरणांची काळी फिल्म. ती आजोबांच्या छातीची असते, नाहीतर धाकट्याने चिंचेवरून पडून मोडून घेतलेल्या हाताची. आजोबा आता नाहीत, धाकट्याला स्वतःची मुले झाली. पण पाकीट टाकायला कोणाचा हात धजत नाही. आपल्याच माणसाचे हाड रद्दीत कसे द्यायचे? "असू द्या, लागेल कधीतरी," असे म्हणून ते पुन्हा वर जाते.

घरच्या पाकिटांचे ठाऊक नाही, पण रुग्णालयांच्या दफ्तरांत साठलेल्या अशा फोटोंच्या बाबतीत हे 'कधीतरी' आता येऊन ठेपले आहे. छातीचे, डोळ्यांचे, मेंदूचे लक्षावधी फोटो नावे पुसून जगापुढे खुले झाले आहेत. आणि ते उघडून बसली आहेत कोण, तर आपली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले. पूर्वी ह्या मुलांचे प्रोजेक्ट म्हणजे पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा किंवा आपोआप उघडणारे फाटक असे. आता डहाणू लोकलमध्ये पालघरला चढावे, तर उमरोळी येईपर्यंत शेजारच्या बाकावरची दोन मुले फुप्फुसांवर बोलत असतात आणि बोईसरला उतरेपर्यंत डोळ्याच्या पडद्यावर येऊन पोचलेली असतात. डॉक्टरीची नव्हेत हो, संगणकाची मुले!

मराठीच्या प्राध्यापिकेने ह्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. प्रोजेक्ट झाला की अहवाल लिहावा लागतो, आणि अहवाल लिहिला की तो "जरा भाषा बघून द्या" म्हणून शेजारीपाजारी जो कोणी लिहिणारा-वाचणारा असेल त्याच्या दारी येतो. असे चार-दोन अहवाल दर फाल्गुन-चैत्रात माझ्याकडे येतात. भाषा बघता बघता मला विषयाची गोडी लागली. हा विषय वाटतो तितका परका नाही, हे माझ्या ध्यानात आले.

ह्या प्रोजेक्टांचे तंत्र थोडक्यात सांगते. समजा, छातीचे शंभर फोटो आहेत. त्यांतल्या प्रत्येकावर 'आजारी' किंवा 'निरोगी' अशी चिठ्ठी आहे. ऐंशी फोटो चिठ्ठीसकट संगणकाला दाखवायचे. ही त्याची शाळा. उरलेले वीस चिठ्ठी झाकून दाखवायचे आणि विचारायचे, "सांग बघू, आजारी कोण?" ही त्याची परीक्षा. वीसपैकी एकोणीस बरोबर आले की पंच्याण्णव टक्के! आम्हां मध्यमवर्गीयांना टक्क्यांचे किती वेड, हे सांगायला नको. पंच्याण्णव टक्के म्हटले की मुलगा असो वा मशीन, आम्ही पेढे वाटायला निघतो.

पण शाळामास्तरणीला एक प्रश्न आधी सुचतो. पेपर फुटला नव्हता ना? हसू नका, तो इथेही फुटतो. एकाच रोग्याचे दोन फोटो असले आणि एक शाळेत गेला, दुसरा परीक्षेत आला, तर मशीन रोग ओळखत नाही, माणूस ओळखते. टक्के वाढतात, शहाणपण वाढत नाही. आणि दुसरा प्रश्न चिठ्ठीचा. फोटोवर 'आजारी' म्हणून लिहिले कोणी?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 साली छातीच्या फोटोंचा एक प्रचंड संग्रह खुला केला. त्यात तीस हजारांहून अधिक माणसांचे 1,12,120 फोटो आहेत. एवढ्या फोटोंवर डॉक्टर बसून चिठ्ठ्या कधी लिहिणार? म्हणून तिथल्या मंडळींनी डॉक्टरांचे जुने अहवालच संगणकाला वाचायला लावले आणि त्यांतून चिठ्ठ्या काढल्या. म्हणजे फोटो बघून नव्हे, गद्य वाचून! आता 'न्यूमोनिया दिसतो', 'न्यूमोनिया दिसत नाही' आणि 'न्यूमोनिया नाही असे म्हणवत नाही' ह्या तीन वाक्यांतला फरक आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गालाही नीट सांगावा लागतो. संगणकाला नकार ओळखायला शिकवले होते हे खरे. तरी ज्याच्या चिठ्ठीचा जन्म वाक्य वाचण्यातून झाला, त्याला वाचनाची चूक चिकटण्याची भीती राहणारच. हे वाचले आणि माझी खात्री पटली, की ह्या कामात भाषेच्या माणसालाही एक पाट मांडायला हरकत नाही.

ह्या कामाचा उत्तम धडा मात्र अमेरिकेत शोधायला नको. तो आपल्या नांदेडला आहे. दिवाळीच्या लाडू-करंज्यांबरोबर घरोघर मधुमेहाची गोष्ट निघते, म्हणून ती गोष्ट इथे सांगणे मुळीच अप्रस्तुत होणार नाही. मधुमेह फार दिवस मुरला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्यांना आधी लाल ठिपक्यांसारखे फुगवटे येतात. मग रक्त पाझरते, पिवळट साका जमतो. दुखत नाही, खुपत नाही, वर्तमानपत्र नीट वाचता येते; म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. जेव्हा जातो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. पडद्याचा फोटो वेळीच काढला तर मात्र हे ठिपके दिसतात.

नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात 2009 ते 2017 ह्या काळात असे हजारो फोटो निघाले. एरवी ते कपाटात पडून राहिले असते. तिथल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतले प्राध्यापक मनेश कोकरे आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी ह्यांनी त्यांतले 516 निवडले. प्रत्येकावर तज्ज्ञांनी रोगाची पायरी शून्य ते चार अशी नोंदवली. आणि 81 फोटोंवर तर कोणता ठिपका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते कणाकणाने आखून दिले. एका फोटोत बिंदू किती? 4288 गुणिले 2848. म्हणजे सव्वा कोटीच्या घरात! रांगोळीचे ठिपके मोजून कंटाळणाऱ्यांनी ह्या चिकाटीची कल्पना करावी. 413 फोटो शाळेसाठी आणि 103 परीक्षेसाठी, अशी वाटणीही त्यांनीच करून दिली, म्हणजे पेपर फुटायला नको. 2018 साली हा संग्रह जगापुढे आला, त्यावर वॉशिंग्टनच्या परिषदेत देशोदेशींच्या संशोधकांची स्पर्धा झाली आणि नांदेडच्या माणसांचे डोळे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला लागले.

मला ह्या कामात सर्वांत आवडली ती त्यांची नोंद. फोटो कोणत्या गावी काढले, कोणत्या वर्षांत, कोणत्या कॅमेऱ्याने, किती अंशांचा टापू टिपून, बाहुली थेंबांनी मोठी करून की तशीच, हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे 2021 साली त्याच मंडळींनी 3200 फोटोंचा आणि 46 प्रकारच्या नेत्रदोषांचा आणखी मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात तीन वेगवेगळे कॅमेरे वापरले होते, तेही सांगितले. नाव पुसले, पण कूळ राखले.

हे कूळ राखणे किती महत्त्वाचे, ते मला नांदेडने नव्हे, बोईसरने शिकवले.

आमच्या इमारतीत एक कुटुंब राहते. गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पाळीची ड्युटी. मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट छातीच्या फोटोंवरून क्षयरोग ओळखण्याचा. ह्या विषयावर दोन जुने संग्रह विद्यार्थ्यांत फार चालतात. दोन्ही अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथालयाने 2014 साली खुले केले. एक चीनमधल्या शेन्झेनचा, 662 फोटोंचा. दुसरा अमेरिकेतल्या माँटगोमेरी परगण्याचा, 138 फोटोंचा. ह्या मुलीने आजारी छात्या बहुतेक शेन्झेनच्या घेतल्या आणि निरोगी छात्या बहुतेक दुसरीकडच्या. टक्के नव्वदीच्या वर आले. घरात आनंद झाला.

त्याच सुमारास वडिलांना खोकला लागला होता. पंधरा दिवस झाले तरी हटेना. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. फिल्म संध्याकाळी हाती आली; डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी जायचे. पण घरात मशीन असताना दम कोणाला निघतो? फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, मोबाईलने टिपली आणि मुलीच्या संगणकात घातली. उत्तर आले, 'निरोगी'.

आईने देवापुढे साखर ठेवली. "झालं, आपल्या पोरीच्या मशीननंच सांगितलं. आता डॉक्टरांचं दिवाळीनंतर बघू. ह्यांची रजा तरी कशाला मोडायची?" वडीलही खूश. खोकला तसाच होता. पण लेकीच्या हुशारीपुढे खोकल्याचे काय चालणार?

मुलगी मात्र गप्प होती. रात्री माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही बाबांना सांगा ना. माझं ते ऐकत नाहीयेत. माझं मशीन बाबांना ओळखत नाही हो. त्यानं बोईसरचा माणूस कधी पाहिलाच नाही."

एवढे एकच वाक्य. पण पदवी द्यावी तर ह्या वाक्यासाठी द्यावी, असे मला वाटले. आम्ही दोघी खाली गेलो. गृहस्थांची समजूत काढायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. थुंकीची तपासणी झाली, क्षय निघाला. सहा महिने सरकारी औषधे चालली, एक दिवसही न चुकता. आज ते बरे आहेत, पाळीवर जातात, आणि मला जिन्यात भेटले की उगीचच पुन्हा पुन्हा चहाला बोलावतात.

मुलीने पुढे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या मशीनने नेमके पाहिले तरी काय, हे शोधायला तिने प्रत्येक फोटोतली दोन्ही फुप्फुसे काळ्या चौकटीने झाकून टाकली आणि उरलेल्या कडाकोपऱ्यांवर मशीन पुन्हा शिकवले. फुप्फुसेच नाहीत म्हटल्यावर क्षय कुठून ओळखणार? पण टक्के फारसे घसरले नाहीत! मशीन छाती पाहातच नव्हते. कोणता फोटो कोणत्या गावचा, एवढेच ते कडेवरच्या खुणांवरून, काळोखाच्या छटेवरून ओळखत होते. आणि गाव ओळखले की रोग सांगत होते. एखाद्या माणसाचे आडनाव ऐकून त्याचा स्वभाव सांगणाऱ्या आपल्या आत्याबाईंसारखेच!

ही युक्ती तिची एकटीची नव्हे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी 2020 साली करोनाच्या फोटोंवर हाच प्रयोग केला होता. तो तिच्या वाचनात आला होता. त्या साथीच्या काळात जगभर असे शेकडो प्रोजेक्ट निघाले. कित्येकांनी करोनाचे फोटो मोठ्या माणसांचे घेतले आणि करोना नसलेले फोटो ग्वांगझूच्या रुग्णालयातले, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे! मशीनने मोठे आणि लहान एवढा फरक शिकला आणि मंडळींना वाटले, रोग शिकला. 2021 साली केंब्रिजच्या संशोधकांनी ह्या विषयावरचे 2,212 लेख गोळा केले, त्यांतले 62 कसून तपासले आणि निर्वाळा दिला, की दवाखान्यात वापरावे असे त्यांत एकही नाही. ही नुसती विद्यार्थ्यांची कामे नव्हती. नावाजलेल्या विद्वानांचीही होती. तेव्हा बोईसरच्या मुलीने मान खाली घालण्याचे काहीच कारण नव्हते.

पण अहवालात काय लिहायचे, हा प्रश्न होताच. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "नव्वद टक्के लिही आणि मोकळी हो. झाकलेल्या फोटोंचं कोण विचारतंय?" गुणांची, नोकरीची, घरच्यांच्या अपेक्षांची ओझी त्या वयात किती जड असतात हे मी रोज वर्गात पाहाते. तिने दोन्ही आकडे लिहिले. आधी नव्वदीचा, आणि लगेच खाली फुप्फुसे झाकल्यावरचा. शेवटी एक परिच्छेद: हे मशीन कोणावरही वापरू नये, आणि का. त्या परिच्छेदाची भाषा बघायला तो माझ्याकडे आला. मी एका स्वल्पविरामाशिवाय काही बदलले नाही. प्रदर्शनात पहिले बक्षीस दुसऱ्या एका प्रोजेक्टला मिळाले. ते रीतीप्रमाणेच झाले.

आता माझ्या विषयाकडे येते. जुनी पोथी हाती घेतली, की आम्ही मराठीची माणसे आधी शेवटचे पान उलटतो. तिथे नकलकाराने लिहिलेले असते: अमुक शके, अमुक तिथी, अमुक गावी, अमक्याच्या मुलाने ही प्रत लिहिली. कित्येकदा "हात थकला, डोळे शिणले, चुकले असेल ते शहाण्यांनी सुधारून घ्यावे" अशा अर्थाची विनवणीही असते. ही पुष्पिका नसली तर पोथी पोरकी. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकला होता होता पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिचे शुद्धीकरण केले. आमच्याच केळवे-माहीमच्या, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज पालघरात उभे आहे त्या सोनोपंत दांडेकरांनी विसाव्या शतकात तिची सार्थ आवृत्ती सिद्ध केली. ह्या सगळ्या परंपरेचा पहिला प्रश्न एकच: ही प्रत कोणाची, कुठली, कोणी लिहिली?

फोटोंच्या संग्रहाला हाच प्रश्न विचारायचा आहे. यंत्र कोणते, गाव कोणते, वय काय, चिठ्ठी लिहिणारा कोण, आणि दोन तज्ज्ञांचे मत जुळले नाही तेव्हा कोणाचे धरले? ज्या संग्रहाला ही उत्तरे देता येतात तो विद्येचा ठेवा. ज्याला येत नाहीत, तो नुसता ढीग. नावे पुसलीच पाहिजेत, ह्यात शंका नाही. रोग्याची अब्रू ही कोणाच्या प्रोजेक्टाहून मोठी आहे, आणि आता 2023 च्या कायद्याने व्यक्तिगत माहितीला संरक्षणही दिले आहे. पण नाव पुसणे वेगळे आणि माणूस पुसणे वेगळे. त्या काळ्या फिल्मवर कोणाची तरी आई श्वास रोखून उभी होती, हे विसरून चालणार नाही.

आमच्या ह्या पट्ट्याला किरणांचे नवल नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, आणि 2014 साली पालघर जिल्हा झाल्यापासून शाळा-कॉलेजांतली मुलेही 'आपले इथेच काही करायचे' असे म्हणू लागली आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे, की परक्या संग्रहावर शिका, हात बसवा. त्यात कमीपणा नाही. पण शिकून झाल्यावर नांदेडकरांसारखे आपल्या डॉक्टरांच्या दारी जा, रीतसर परवानगी घ्या आणि सातपाटीच्या कोळणीची, जव्हार-डहाणूच्या डोंगरातल्या वारली म्हाताऱ्याची, वसाहतीतल्या पाळीवाल्या कामगाराची छाती त्या मशीनला दाखवा. तोवर आपल्या माणसाला त्याच्या भरवशावर सोडू नका.

आणि आई-वडिलांनो, ह्या दिवाळीत भाचा किंवा पुतण्या फराळाला आला आणि प्रोजेक्टची गोष्ट निघाली, तर "किती टक्के?" हे विचारण्याची घाई करू नका. चकली पुढे करा आणि आधी विचारा, "फोटो कोणाचे रे?" तो गडबडला नाही, नीट बसून सांगू लागला, तर त्याला आणखी एक चकली द्या. टक्के नंतर विचारले तरी चालतील.